तिसरी-चौथीचा एकत्र वर्ग, पटावर चौतीस, प्रत्येकाची गरज वेगळी: रोजच्या पाठाचं टाचण कसं करायचं?

तांड्यावरची शाळा (प्रश्न)

नमस्कार मंडळी. बीड जिल्ह्यातल्या एका तांड्यावर जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत शिकवते. पहिली-दुसरी मुख्याध्यापक सरांकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. यंदाच बदली होऊन आले, त्यामुळे मुलं नवीन आणि त्यांची बोलीही मला नवीन. जरा सविस्तर लिहिते. मुलांची नावं बदलली आहेत.

चौथीतला किसन. गोष्ट एकदा ऐकली की दुसऱ्या दिवशी जशीच्या तशी सांगतो, तोंडी हिशेब चोख. पुस्तक समोर आलं की मात्र अडकतो. घ की ध, भ की म, हे अजून ठरत नाही. पहिली वेलांटी आली की अक्षरं मागेपुढे होतात. ‘एकोणपन्नास लिही’ म्हटलं तर ५९ लिहितो. हल्ली वाचायची पाळी जवळ आली की पाणी प्यायला उठतो.

तिसरीतली सोनी. तिला कमी ऐकू येतं. एका शिबिरात श्रवणयंत्र मिळालंय, पण ते दप्तरातच असतं. लावलं की शिट्टी वाजते आणि मुलं हसतात.

सात-आठ मुलांचे आईवडील ऊसतोडीला जातात. दिवाळी झाली की काही मुलं टोळीबरोबर निघतात, काही आजीपाशी राहतात. गेलेली मुलं उन्हाळ्याच्या तोंडावर परत येतात, तोवर वर्ग पुष्कळ पुढे गेलेला असतो.

आणि तिसरीतलीच राणी. मी फळ्यावर गणित लिहीपर्यंत तिचं उत्तर तयार. मग उरलेला वेळ ती शेजाऱ्यांना उत्तरं पुरवते.

बहुतेकांच्या घरी गोरबोली, म्हणजे बंजारा समाजाची बोली. मराठी फक्त शाळेत.

‘प्रत्येकाच्या गरजेनुसार अध्यापन करा’ असं प्रशिक्षणात ऐकलंय आणि ते मला मनापासून पटतं. पण सोमवारी सकाळी परिपाठ संपवून वर्गात शिरल्यावर नेमकं काय करायचं? या चौघांसाठी चार टाचणं, दोन इयत्ता धरल्या तर आठ? ती रोज कशी काढायची? ज्यांनी असा वर्ग प्रत्यक्ष सांभाळलाय त्यांनी कृपया लिहा.

---

बालाघाटचा मास्तर

मॅडम, आठ टाचणं अजिबात काढू नका. एकच काढा. घटक सगळ्या वर्गाला एक. बदलायचं ते मुलाच्या हातातलं काम, त्याला लागणारा आधार आणि उत्तर द्यायची पद्धत. डोंगरातल्या शाळांमध्ये मी बहुवर्गच शिकवत आलोय आणि वर्षभर तग धरणारी दुसरी पद्धत मला सापडली नाही. वेगळं टाचण काढलं की वेगळा कोपरा तयार होतो. तो कोपरा बघता बघता ‘ढ पोरांचा’ होतो आणि त्यातलं पोर जूनपासून एप्रिलपर्यंत तिथून हलत नाही.

एक तास उलगडून सांगतो. घटक: दशक सुटा करून वजाबाकी. ५२ वजा २७.

सगळी मुलं, दोन्ही इयत्ता, खाली गोलात. मध्ये खराट्याच्या काड्या: दहा-दहाचे पाच गठ्ठे रबर लावून, आणि दोन सुट्ट्या. ‘यातल्या सत्तावीस काढून मला द्या.’ पुढं काही बोलायचं नाही. कुणी दोन गठ्ठे उचलतं, मग सातसाठी हात घालतं आणि थांबतं, कारण सुट्ट्या दोनच. इथं घाई करू नका. ‘गठ्ठा सोडा की!’ असं कुणीतरी म्हणतंच, आणि तुमच्या वर्णनावरून ते किसन म्हणेल असं वाटतं. रबर त्यालाच काढू द्या. आता सुट्ट्या बारा. सात दिल्या, पाच उरल्या, गठ्ठे दोन. पंचवीस. नाही बोलली तरी सोनीला हे सगळं दिसलं. गोरबोली बोलणाऱ्या मुलाला मराठीवाचून कळलं. आणि तोडीवरून परवा आलेलं पोरही पहिल्या मिनिटापासून धड्यात आहे.

मग कामं वेगळी होतात. काहीजण काड्याच वापरतात. काहीजण पाटीवर गठ्ठ्यासाठी उभी रेघ आणि सुट्ट्यासाठी टिंब काढतात आणि रेघ खोडून दहा टिंबं करतात. काहीजण थेट उभी मांडणी करतात. चौथीला ५०२ वजा १२७ द्या. मधल्या शून्यापाशी त्यांना शतक सोडून दशक आणि त्यातलं एक दशक सोडून सुटे करावे लागतात, तेव्हा तेही याच घटकावर आहेत. मूल कोणत्या कामावर बसेल हे आज, याच तासात बघून ठरवायचं. वाचनातला मागचा गट गणितात पुढं असतो. किसन तुम्हाला हेच दाखवतोय.

राणीला जास्तीची दहा गणितं देऊ नका. लवकर काम संपवल्याबद्दल पुन्हा तेच काम मिळालं की हुशार मूल सावकाश काम करायला शिकतं. तिला खोल प्रश्न द्या: ‘५२ मधून कोणत्या संख्या वजा केल्या तर गठ्ठा सोडावाच लागत नाही? सगळ्या शोध, आणि आणखी उरल्या नाहीत हे मला पटवून दे.’ शून्य धरून अठरा निघतात. एककाच्या घरात ०, १ किंवा २ असेल तरच चालतं, हे तिचं तिला सापडू द्या. एवढ्यात तिचा अख्खा तास जातो आणि शेजाऱ्यांना उत्तरं पुरवायला वेळ उरत नाही.

एकोणपन्नासला ५९ लिहिणं. मॅडम, यात किसनचा दोष नाही. मराठीत आपण एकक आधी बोलतो आणि दशक आधी लिहितो. बावन्न म्हणताना ‘बा’ आधी, लिहिताना पाच आधी. एकोणपन्नासमध्ये तर ‘पन्नास’ कानावर पडतं आणि लिहायचे असतात चार आणि नऊ. शेजारच्या कन्नड-तेलुगूत दशक आधी बोलतात, म्हणून तिथल्या मुलाला ही कसरत नाही. बालभारतीनं २०१९ मध्ये दुसरीच्या गणितात ‘पन्नास दोन’ अशी वाचनाची रीतही दिली, तेव्हा केवढा गदारोळ झाला! विषय समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर होत्या आणि त्यांनी त्याची कारणं शांतपणे मांडली होती. मला ती तेव्हाही पटली होती आणि आजही पटतात. किसनला ‘चाळीस नऊ’ म्हणू द्या, काड्यांचे चार गठ्ठे आणि नऊ सुट्ट्या मांडू द्या, ४९ लिहू द्या. त्याच्या शेजारीच ‘बाजारात याला एकोणपन्नास म्हणतात’ हेही येऊ द्या. दोन्ही नावं सोबत चालली तर एकाची दुसऱ्याला अडचण होत नाही.

वाचनाचं. वर्गात त्याला अचानक उभं करून वाचायला लावणं आजपासून बंद. त्याचा अर्थ वाचन बंद असा नाही. सोमवारी जो परिच्छेद वाचायचा, तो त्याला शुक्रवारीच द्या. आधी तुम्ही वाचा, तो बोट फिरवेल. मग दोघं सोबत. मग तो एकटा, फक्त तुमच्यासमोर. सोमवारी त्यातल्या दोनच ओळी त्याच्या वाट्याला, आणि त्या कोणत्या हे त्याला आधीच माहीत.

जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदाची पट्टी कापा आणि एक ओळ दिसेल एवढी खिडकी पाडा. खालच्या-वरच्या ओळी झाकल्या की डोळा घसरत नाही. अशा पट्ट्या पाच-सहा करून टेबलावर ठेवा, ज्याला हवी तो घेईल. फक्त किसनलाच दिली तर ती त्याच्या कमीपणाची खूण होईल.

पहिली वेलांटी ही आपल्या लिपीतली खरी अडचण आहे. ‘दि’ म्हणताना द आधी आणि इ नंतर, पण कागदावर वेलांटी डावीकडे, म्हणजे आधी भेटते. डावीकडून एकेक खूण वाचत जाणारं मूल तिथं अडखळणारच. अक्षरकार्ड वेगळं, वेलांटीचं कार्ड वेगळं करा. आधी ‘द’ ठेवायचा, मोठ्यानं म्हणायचा, मग वेलांटी आणून त्याला डावीकडून चिकटवायची आणि ‘दि’ म्हणायचं. हातानं केलं की क्रम बसतो. ‘र’चं असंच. रस, सूर्य, दऱ्या, प्रकाश, ट्रक: एकाच आवाजाची पाच सोंगं. ही एकाच आठवड्यात कोंबू नका. एक सोंग पक्कं होऊ द्या, मग दुसरं. घ-ध, भ-म या जोड्याही एकत्र शिकवू नका, मध्ये बरेच दिवस जाऊ द्या.

आता गुणांचं, कारण केंद्रप्रमुख विचारतील. २०१० च्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात आकारिक (म्हणजे वर्षभर चालणाऱ्या) मूल्यमापनाची साधनं आठ आहेत आणि तोंडीकाम, प्रात्यक्षिक, कृती ही त्यातलीच. म्हणजे तोंडी उत्तर घेणं ही मेहरबानी नाही, शासन निर्णयातच बसलेलं आहे. स्वतःला एकच विचारा: आत्ता मी काय तपासतेय? परिसर अभ्यासात पाण्याच्या साठ्यांची माहिती तपासायची असेल तर प्रश्न वाचून दाखवा आणि उत्तर तोंडी घ्या. वाचनच तपासायचं असेल तर वाचून दाखवू नका, सोपा उतारा द्या आणि त्यावरचं त्याचं वाचन नोंदवा. वर्णनात्मक नोंदीत ‘वाचनात मागे’ असं लिहू नका. ‘जोडाक्षर नसलेले शब्द सलग वाचतो, पहिल्या वेलांटीला थांबतो’ असं लिहा. पुढच्या वर्षी दुसरा शिक्षक आला तर त्याला या नोंदीचा उपयोग होईल.

तोडीला जाणाऱ्या मुलांचं. आधी दिवाळीपूर्वीच शाळा व्यवस्थापन समितीत हंगामी वसतिगृहाचा विषय काढा. आजीजवळ मूल ठेवता आलं आणि दोन वेळचं जेवण मिळालं तर बरेच पालक मूल मागं ठेवायला तयार होतात. त्यांनाही लेकरू उसाच्या फडात न्यायची हौस नसते. जी जाणारच त्यांच्या हाती शिक्षण हमी कार्ड द्या, म्हणजे कारखान्याच्या भागातली शाळा दाखल करून घेताना कुरकुर करणार नाही. परत आल्यावर पुस्तकाच्या पहिल्या पानापासून सुरुवात नको. पाच मिनिटं शेजारी बसवून बघा: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट, यात कुठं आहे. तिथून उचला.

आणि या मुलांना ‘मागं पडलेली’ समजू नका, ही माझी कळकळीची विनंती. त्यांना उचल (आगाऊ रक्कम) किती घेतली, किती फिटली, टनाला काय दर, गाडीत किती मोळ्या बसल्या, हे सगळं कळतं. चौथीच्या गुणाकार-भागाकाराला लागेल एवढं गणित ती पोरं फडातून घेऊन आलेली असतात. शाब्दिक उदाहरणं त्यांनाच तयार करायला सांगा. राणीनं आणि बाकीच्यांनी ती सोडवावीत.

गोरबोलीबद्दल थोडंच. परिपाठात रोज एक गोष्ट किंवा बातमी मुलांना घरच्या बोलीत सांगू द्या. भिंतीवर चित्रांखाली दोन्ही शब्द लिहा: आई-याडी, भाकरी-बाटी. शब्द मुलांकडून घ्या, लिहून दाखवा आणि त्यांना तपासू द्या. तांड्यावरची एखादी शिकलेली मुलगी तासभर येत असेल तर सोन्याहून पिवळं.

हे सगळं नवं किंवा परदेशी नाही. बालशिक्षणात काम केलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी डहाणूजवळच्या कोसबाडला कुरणशाळा चालवली, ती याच विचारानं. पोरं गुरं सोडून शाळेत येऊ शकत नव्हती, म्हणून शाळा कुरणात गेली. आपल्याला तर फक्त चार भिंतींच्या आत थोडी मांडणी बदलायची आहे.

सोनीच्या यंत्राबद्दल मला पुरेसं कळत नाही. जाणकारांनी लिहावं.

---

फिरती ताई (समावेशित शिक्षण)

मी तालुक्याच्या गट साधन केंद्रावर विशेष शिक्षिका आहे, शाळाशाळांवर फिरती असते. सरांनी लिहिलेल्या प्रत्येक गोष्टीला अनुमोदन. मी सोनीपासून सुरुवात करते.

शिट्टी वाजते याचा अर्थ बहुतेक वेळा यंत्र बिघडलं असा नसतो. कानात बसणारा साचा, म्हणजे इअर मोल्ड, सैल झालेला असतो. मूल वाढतं, कान वाढतो, साचा तेवढाच राहतो. फटीतून आवाज बाहेर येऊन पुन्हा माइकमध्ये शिरतो आणि शिट्टी होते. साचा नव्यानं करून घ्यावा लागतो आणि वाढत्या वयात हे पुन्हा पुन्हा करावं लागतं. शिबिरात यंत्र देताना हे पालकांना सांगितलं जात नाही आणि मग यंत्रं दप्तरात पडून राहतात. मला याचं फार वाईट वाटतं. कानात मळ साठला असेल तरी शिट्टी येते, म्हणून आधी कान तपासून घ्या. आरोग्य तपासणीचं पथक शाळेत येतं (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, २०१३ पासून) त्यांना सोनी आवर्जून दाखवा. पुढची तपासणी जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात होते. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) नसेल तर तेही लगेच काढायला घ्या, पुढच्या प्रत्येक योजनेला लागतं. दिव्यांग मुलींसाठीचा प्रोत्साहन भत्ताही विसरू नका.

रोज सकाळी एक मिनिटाची तपासणी करा. सोनीच्या हातात चिंचोके द्या, समोर डबा. तुमच्या तोंडासमोर कागद धरा, म्हणजे ओठ दिसणार नाहीत, आणि थोडं थांबत थांबत, नेहमीच्या आवाजात सहा आवाज काढा: आ, ई, ऊ, म, श, स. आवाज आला की ती डब्यात चिंचोका टाकेल. मध्येच काही न बोलता थांबा, म्हणजे ती अंदाजानं टाकत नाही ना हे कळेल. बोलण्यातले जाडेभरडे ते बारीक असे सगळे आवाज या सहात येतात. काल ‘स’ला चिंचोका पडत होता आणि आज पडत नाही, तर सेल उतरलाय किंवा साच्यात काही अडकलंय. सेलवरचा कागद काढला की तो वापरा न वापरा उतरायला लागतो, म्हणून कागद आधी काढून ठेवू नका. झोपताना सेलचं झाकण उघडं ठेवायला आईला सांगा. आणि जुने सेल लहान भावंडांच्या हाती लागू देऊ नका. ते गिळले गेले तर जिवावर बेततं.

बसायची जागा: पहिल्या ओळीत, पण मधोमध नको, जरा बाजूला, चांगला कान वर्गाकडे. म्हणजे मान वळवली की बोलणारं मूल तिला दिसेल. फळ्याकडे तोंड करून बोलू नका. आधी लिहा, मग वळून बोला. खिडकीकडे पाठ करून उभ्या राहिलात तर तुमचा चेहरा काळा दिसतो आणि ओठ कळत नाहीत. मागच्या बाकावरचं उत्तर तुम्ही पुन्हा उच्चारा, ते सगळ्यांच्याच कामी येतं. पत्र्यावर पाऊस सुरू झाला की तोंडी काम थांबवा. त्या आवाजात यंत्र पावसाचाच आवाज मोठा करतं.

किसनबद्दल दोन गोष्टी. पहिली, त्याला ‘डिस्लेक्सिया (वाचनातली अध्ययन अक्षमता) आहे’ असं आपण म्हणायचं नाही, पालकांसमोर तर नाहीच. आधी डोळे आणि कान तपासून घ्या. अर्ध्या वेळी तिथंच उत्तर सापडतं असं मी म्हणणार नाही, पण ते तपासल्याशिवाय पुढं जाताच येत नाही. दुसरी, वय. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे शिक्षकानं तिसरीत किंवा आठव्या वर्षी चाळणी करायची असते आणि अक्षमतेचं प्रमाणपत्र वयाची आठ वर्षं पूर्ण झाल्यावरच मिळतं. ते पुढे १४ व्या आणि १८ व्या वर्षी पुन्हा तपासतात. किसन चौथीत आहे, म्हणजे ही वेळ आलेली आहे. केंद्रप्रमुखांमार्फत आमच्याकडे नाव पाठवा, सोबत वहीची दोन-तीन पानं आणि सरांनी सांगितली तशी नोंद जोडा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये ज्या एकवीस प्रकारांची नोंद आहे त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. पुढे परीक्षेत तासामागे किमान वीस मिनिटं जादा वेळ, गरजेप्रमाणे लेखनिक, हे त्याला हक्कानं मिळू शकतं. आपल्याकडे दहावीला अशा सवलती १९९६ पासून आहेत, पण त्या शहरातल्या मुलांपर्यंत जेवढ्या पोचल्या तेवढ्या तांड्यांपर्यंत पोचल्या नाहीत. त्यामुळे तुम्ही नाव पाठवलंत तर मला खरंच आनंद होईल.

प्रमाणपत्राची वाट बघत मात्र थांबू नका. खिडकीच्या पट्टीला कोणाचं प्रमाणपत्र लागत नाही.

---

ठाण्याहून एक आई

मी शिक्षिका नाही. माझा मुलगा आता नववीत आहे आणि त्याला अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र आहे. किसनचं पाणी प्यायला उठणं वाचून लिहिल्याशिवाय राहवेना.

आमच्याकडे पोटात दुखायचं. मराठी आणि हिंदीच्या तासाच्या दिवशी हमखास. डॉक्टर झाले, औषधं झाली. त्याला वाचता येत नव्हतं, आणि हे चाळीस जणांसमोर उघडं पडण्यापेक्षा पोटदुखी बरी, असं त्या आठ वर्षांच्या जिवानं ठरवलं होतं. चौथीला एक बाई भेटल्या. त्यांनी त्याला सांगितलं, ‘तुला विचारायचं असेल तेव्हा मी आधी तुझ्या बाकावर हात ठेवीन. हात ठेवला नाही तर तुझा नंबर नाही.’ बाकी काही केलं नाही, एवढंच. पोटदुखी थांबली, कारण तास कसा जाणार हे त्याला आता माहीत असायचं. तो ऐकायला लागला, आणि ऐकायला लागल्यावर उत्तरंही द्यायला लागला.

पालकांना बोलवाल तेव्हा आधी त्याचं तोंडी हिशेबाचं कौतुक करा आणि मगच वाचनाचं बोला. तक्रारीनं सुरुवात झाली तर घरी मार बसतो. आणि ‘याला वाचायचा कंटाळा आहे’ हे वाक्य कृपा करून कुणी उच्चारू नका. माझ्या मुलानं वाचनावर जेवढी मेहनत घेतली तेवढी त्याच्या वर्गातल्या पहिल्या नंबरानंही घेतली नसेल.

---

तांड्यावरची शाळा

सगळ्यांचे मनापासून आभार. खराट्याच्या काड्या आणि रबर कालच जमवले. ५२ वजा २७ केलं. ‘गठ्ठा सोडा’ असं किसन नव्हे, तोडीवर जाणारी एक मुलगी म्हणाली: ‘बाई, मोळी सोडा.’ आता आमच्या वर्गात दशकाला मोळीच म्हणतात. किसनचं नाव केंद्रप्रमुखांकडे दिलं आहे.

दोन अडचणी अजून आहेत. एक, एका आईनं शाळेत येऊन विचारलं की माझ्या पोराला काड्या आणि राणीला मोठी गणितं, असा दुजाभाव का? दोन, सोनी यंत्र लावायला तयार झाली तरी मुलांचं हसणं कसं थांबवू? रागावले तर तेवढ्यापुरतं थांबतं.

---

बालाघाटचा मास्तर

‘मोळी’ उत्तम. तोच शब्द ठेवा, फक्त दशक हा शब्दही फळ्यावर शेजारी लिहीत चला, कारण पॅटच्या (नियतकालिक मूल्यांकन चाचणीच्या) पेपरात तो येणार आहे.

त्या माउलीचा प्रश्न रास्त आहे, तिला टाळू नका. तिला तासाला बसवून घ्या. पोरगा काड्यांवरून रेघांवर आणि रेघांवरून आकड्यांवर जातो ते तिला समोर दिसू द्या. आणि काड्यांचं काम ज्याला त्याला निवडू द्या. राणीलाही आठवड्यातून एकदा काड्यांनी सिद्ध करून दाखवायला सांगा: ‘५०२ च्या मधोमध शून्य असताना मोळी कुठून आणलीस ते मांड.’ हुशार मुलीच्या हातात काड्या दिसल्या की तो प्रश्न निम्मा तिथंच सुटतो. राहिलेला निम्मा गट बदलत राहिल्यानं सुटतो. एकच पोर महिनाभर एकाच जागी दिसलं तर मात्र त्या माउलीचं म्हणणं खरं ठरेल, तेव्हा दर शनिवारी वही काढून गट तपासा.

---

फिरती ताई (समावेशित शिक्षण)

हसण्याबद्दल. मुलांनी ते यंत्र कधी जवळून पाहिलेलं नाही, म्हणून ती हसतात. पुढच्या फेरीत मी एक जुनं यंत्र आणि स्टेथोस्कोपसारखी नळी घेऊन येते, ती लावली की यंत्रातून काय ऐकू येतं ते कुणालाही ऐकता येतं. प्रत्येक मुलाला ऐकवू. मग सगळ्यांनी कानात कापूस घालून दहा मिनिटं श्रुतलेखन करायचं, मी वर्गाच्या मागच्या बाजूनं सांगेन. सोनीची तयारी असेल तरच, आणि तिला आधी विचारूनच. तिच्या मनात नसेल तर यंत्राचा पाठ ‘आवाज’ या घटकाखाली घेऊ, तिचं नाव न घेता.

शिट्टी मात्र साचा बदलल्याशिवाय जाणार नाही. तोपर्यंत आवाज थोडा कमी ठेवून तिला रोज अर्धा तास, तुम्ही समोर बसून गोष्ट सांगत असताना, लावायची सवय करा. यंत्राचं मॉडेल आणि सेलचा नंबर मला कळवा, सेल ३१२ आहे की १३ हे झाकणावर किंवा जुन्या पाकिटावर असेल. १३ असेल तर एक पाकीट माझ्याकडे शिल्लक आहे, येताना आणते.